आजोबांचं क्रोनोग्राफ आणि दोन सेकंदांची चूक

घड्याळ बंद नव्हतं, ही गोष्ट आधी सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. चावी दिली की ते चालायचं, वेळ बऱ्यापैकी बरोबर दाखवायचं. फक्त दोनच्या जागेचं वरचं बटन दाबून मधला लांब काटा सुरू केला की दहा-वीस मिनिटांत सगळंच थांबायचं. बटन परत दाबून तो काटा बंद केला, की घड्याळ आपोआप पुन्हा टिकटिक करायला लागायचं.

आजोबा गेल्यावर पप्पांनी ते एका जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याला दाखवलं. त्याने मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. कानाला लावलं, बटन दाबलं, पाच मिनिटं चहा प्यायला आणि म्हणाला, "मशीन बाद आहे. केस आणि डायलचे तीन हजार देतो." माझी शेवटच्या वर्षाची फी भरायची होती, त्यामुळे पप्पा "देऊन टाकू" म्हणाले. मी दोन आठवडे मागून घेतले. मशीन खरंच बाद आहे का, एवढंच मला बघायचं होतं. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. स्क्रूड्रायव्हर हातात धरायची माझी लायकी नाही. पण दोष शोधायचं निम्मं काम झाकण न उघडता, वही-पेन घेऊन करता येतं, हे मला या दोन आठवड्यांत कळलं. तुमच्याही घरात कपाटाच्या खणात असं एखादं घड्याळ पडलेलं असेल तर पुढचं वाचा.

आजोबा जहाजावर इंजिनरूममध्ये होते. बेळगाव कॅम्पात घर, नोकरी मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर. हे घड्याळ त्यांनी १९७२ साली सिंगापूरला घेतलं. डायलवरचं नाव कुठल्याशा छोट्या स्विस कंपनीचं आहे, पण त्याला फार महत्त्व नाही. त्या काळी अशा पन्नास कंपन्या डायल आणि केस आपली लावायच्या आणि आतलं मशीन दुसऱ्याकडून घ्यायच्या. आमच्या घड्याळात आहे व्हालजू ७७३३. मशीनचा नंबर बॅलन्सच्या खाली पत्र्यावर कोरलेला असतो. या मशीनची वंशावळ आमच्या घराण्यापेक्षा स्पष्ट आहे: मूळ रचना वीनस १८८ ची, १९६६ साली ती व्हालजूकडे आली आणि ७७३० झाली, मग १९६९ पासून थोडी सुधारून ७७३३. चावीवर चालतं, सतरा ज्वेल, तासाला १८,००० ठोके. म्हणजे सेकंदाला पाच. मधला काटा सेकंदाच्या पाचव्या भागाने पुढे सरकतो. डाव्या छोट्या वर्तुळात नेहमीचा सेकंद काटा, उजव्या वर्तुळात तीस मिनिटं मोजणारा.

'क्रोनोग्राफ' या शब्दात 'काळ' आणि 'लिहिणं' आहे. आपल्या वर्गात कोणी म्हणेल ही रूपककथा, पण नाही. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक नावाच्या घड्याळजीने आणलेलं यंत्र खरोखरच फिरत्या डायलवर शाईचा ठिपका टाकायचं. (त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई म्वाने याने सेकंदाचे बारीक भाग मोजणारं यंत्र केलं होतं, पण ते लिहीत नव्हतं.) शाई गेली, नाव राहिलं. काटा शून्यावर परत आणायची युक्ती तर १८४४ साली निघाली. आपलं प्रकरण त्या युक्तीशीच येऊन भिडतं.

आत काय चालतं ते साध्या शब्दांत सांगते. नेहमीचं घड्याळ सतत चालू असतं. त्यातल्या सेकंदाच्या चाकाला एक जादा दातेरी चाक जोडलेलं असतं, तेही सतत फिरतं. त्याच्या शेजारी एका हलत्या पट्टीवर दुसरं छोटं चाक. वरचं बटन दाबलं की ती पट्टी आत सरकते, आणि छोटं चाक मध्यभागच्या अतिशय बारीक दात्यांच्या चाकात जाऊन अडकतं. झालं, मधला काटा सुरू. पुन्हा दाबलं की पट्टी बाहेर, आणि एक ब्रेक येऊन मधलं चाक धरून ठेवतो. मधल्या चाकाला एक बोट असतं. दर फेऱ्याला, म्हणजे दर मिनिटाला, ते बोट मिनिटाच्या चाकाला एक दाता पुढे ढकलतं. मिनिटाचं चाक भलतीकडे हलू नये म्हणून एक बारीक स्प्रिंग त्याच्या दात्यात टेकून बसलेली असते. तिला ओलांडायला थोडा जोर लागतो. हा 'थोडा जोर' लक्षात ठेवा.

आणि शून्यावर आणणं: मधल्या चाकावर आणि मिनिटाच्या चाकावर एकेक बदाम असतो. पत्त्यांमधल्या बदामासारखीच पोलादाची पत्री. चारच्या जागेचं बटन दाबलं की एक हातोडी दोन्ही बदामांवर एकदम आपटते. बदाम कुठल्याही कोनात असो, तो घसरत घसरत आपल्या खोलगट बाजूवर येऊन हातोडीला टेकतो आणि थांबतो. म्हणून काटा कधी पुढून, कधी मागून, जो रस्ता जवळचा त्या रस्त्याने शून्यावर येतो. मला हे इतकं आवडलं की मी पहिले दोन दिवस नुसती तेच बटन दाबत बसले होते. तसं करू नका. काटा चालू असताना तर खालचं बटन दाबायचंच नाही. मशीनमध्ये अडसर असतो, पण अंगठ्याच्या जोरापुढे पन्नास वर्षांचा अडसर किती टिकणार?

तर वही. पहिली गोष्ट, घड्याळ पूर्ण चावी देऊन, क्रोनोग्राफ बंद ठेवून, एक अख्खा दिवस चालू द्यायचं. त्यातच थांबलं तर बटनांकडे बघायचंच नाही. मूळ घड्याळातच दोष. आमचं दिवसभर नीट चाललं, चार मिनिटं मागे पडलं तेवढंच.

दुसरं, क्रोनोग्राफ सुरू करायचं आणि घड्याळ थांबलं की मधला काटा कितीवर आहे ते लिहून ठेवायचं. हे एकदा करून उपयोग नाही. मी चार संध्याकाळी केलं. ऑक्टोबर महिना होता, घरी रोज रोझरी चालायची, आणि मी एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात घड्याळ. आईने एकदा डोळे वटारले. नऊ वेळा थांबलं. माझ्या वहीतले आकडे: ५८, ५९, ५९, ५७, १२, ५९, ५८, ५९, ५९.

आकडे कसेही विखुरलेले असते तर अर्थ असा झाला असता की मशीनमध्ये एकूण ताकदच कमी आहे, तेल सुकलंय किंवा मेनस्प्रिंग थकलीय. जादा चाकं ओढायला लावली की बिचारं कुठेही बसतं. दरवेळी नेमका एकच भलताच आकडा, समजा २३, आला असता तर एखादा दाता वाकलाय, दात्यात कचरा आहे, किंवा काटा डायलला नाहीतर दुसऱ्या काट्याला घासतोय. पण ५७ ते ६० या पट्ट्यात काय होतं? तिथेच ते बोट मिनिटाच्या चाकाला भिडतं आणि स्प्रिंग ओलांडायची असते. म्हणजे घड्याळ दर मिनिटाला एक चढ चढत होतं, आणि चढावर त्याचा दम जात होता. बारावर एकदा थांबलं ते कशामुळे, त्याचं उत्तर पुढे येईल.

तिसरी तपासणी शून्याची. काटा सुरू करायचा, कुठेतरी थांबवायचा, खालचं बटन दाबायचं, काटा कुठे येतो ते लिहायचं. असं दहा वेळा, दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबवून. दरवेळी वेगळीकडे आला, कधी शून्य, कधी तीन, कधी ५८, तर काटा त्याच्या खुंटीवर सैल झालाय, किंवा बदाम जागचा हललाय, किंवा हातोडी पूर्ण पोचत नाही. दरवेळी चुकीच्या पण एकाच जागी आला, तर आत सगळं ठीक आहे. काटा बसवणाऱ्याने तिरका बसवला.

आमचा दहाच्या दहा वेळा दोनवर आला.

आणि इथे मला आजोबांची दुसरी वही आठवली.

आजीच्या हृदयाचा त्रास सुरू झाला २०११ मध्ये. डॉक्टरांनी रोज नाडी बघून लिहायला सांगितलं. आजोबांनी ते जहाजाच्या लॉगबुकासारखं केलं: तारीख, वेळ, आकडा, सही. आजीच्या मनगटावर तीन बोटं, दुसऱ्या हातात घड्याळ, वरचं बटन. काटा तीसवर येईपर्यंत मोजायचं, दुप्पट करायची. दोन वर्षं ७०, ७२, ७४ असेच आकडे. मग मे २०१३ मध्ये एक ओळ: "घड्याळ ऑइलिंग केले. रु. ६००." त्यानंतर आकडे ६६, ६६, ६८, ६४. तीन आठवडे. आई सांगते, त्या तीन आठवड्यांत आजोबांनी घरात कोणाला मोठ्याने बोलू दिलं नाही, आजीला जिना चढू दिला नाही, आणि आजी वैतागून म्हणायची की मला काहीच होत नाहीये. शेवटी ते वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी स्वतः मोजलं, ७१ भरले. मग म्हणाले, "तुमचं घड्याळ बघू."

हिशेब सोपा आहे. शून्यावर आणलेला काटा खरं तर दोनवर उभा. तिथून निघून तीसला पोचला, म्हणजे आजोबा तीस नाही, अठ्ठावीस सेकंद मोजत होते. अठ्ठावीस सेकंदांत ३३ ठोके, दुप्पट ६६. प्रत्यक्षात मिनिटाला ७१. आजीचं हृदय जसं होतं तसंच होतं. त्या दिवसाच्या ओळीखाली आजोबांनी लिहिलंय: "काटा दोनवर. बत्तीसपर्यंत मोजणे." आणि तिथून आजी जाईपर्यंत, २०१६ पर्यंत, प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरात "३२".

त्यांनी घड्याळ त्या दुकानात परत नेलं नाही. का, ते मला समजू शकतं. एकदा उघडून हे झालं, पुन्हा उघडून काय होईल? पण माझ्या दृष्टीने ती ओळ म्हणजे पुरावा होता. दोन सेकंदांचा दोष वयाचा नव्हता, मे २०१३ चा होता. मग चढावर दम लागायचा दोषही तेव्हाचाच नसेल कशावरून?

खडेबाजारात एका बोळात एक म्हातारे घड्याळजी बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. दुकान म्हणजे टेबल, दिवा आणि भिंतीला एचएमटीच्या डायलांचं जुनं कॅलेंडर. मी दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. त्यांनी माझे नऊ आकडे वाचले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ह्ये कुणी शिकिवलं तुला?"

"कुणी नाही मामा. नुसतं लिहीत गेले."

"मंग निम्मी मजुरी तुला द्याय पायजे की." (दिली नाही.)

त्यांनी घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवलं. ते ठोक्यांचा आवाज ऐकून बॅलन्स किती अंशांत झुलतो ते दाखवतं. पूर्ण चावी, डायल वर: २१५ अंश. या मशीनला २७० च्या आसपास पाहिजे. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर १६५, आणि काटा साठच्या जवळ आला की आकडा आणखी खाली घसरायचा. बटन चालू केल्यावर वीस-तीस अंश कमी होणं चांगल्या मशीनमध्येही चालतंच, जादा ओझं आहे ना. पण इथे पन्नास अंश जात होते, आणि तेही आधीच अशक्त मशीनमधून.

मग झाकण उघडलं आणि लूप माझ्या डोळ्याला दिला. मिनिटाच्या चाकाच्या खुंटीभोवती हिरवट-काळं काहीतरी घट्ट झालेलं, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी साचतं तसं. स्प्रिंगच्या टोकाला तेच. मधल्या चाकाच्या बारीक दात्यांतसुद्धा.

"तेल," मामा म्हणाले. "जास्त घातलंय, आणि नको तिथं घातलंय. दात्याला तेल घालायचं नस्तं बाळ. खुंटीला घालायचं, तेबी टोचणीच्या टोकाएवढं. दात्याला तेल म्हंजे धुळीला आवतान."

माझा बारावर थांबलेला आकडाही तिथेच सुटला. मधल्या चाकाच्या एका दात्यात तेलात रुतलेला तंतू होता, कापसाचा असावा. कधीतरी तो छोट्या चाकाच्या वाटेत यायचा.

दुरुस्ती म्हणजे काही चमत्कार नव्हता. सगळे भाग सुटे करून पेट्रोलमध्ये धुतले, खुंट्या घासून बघितल्या, मोजून तेल दिलं. मेनस्प्रिंग चांगली निघाली. एकही भाग बदलावा लागला नाही. मिनिटाच्या स्प्रिंगला मामांनी हात लावला नाही. धुतल्यावर ती आपोआप हलकी झाली. बरेच जण अशा वेळी स्प्रिंग वाकवून ढिली करतात, असं ते म्हणाले. मग मिनिटाचा काटा कधी दोन घरं उडी मारतो, कधी मारतच नाही, आणि पुढचा माणूस तो दोष शोधत बसतो.

हलत्या पट्टीजवळ एक विकेंद्री स्क्रू असतो, त्याने छोटं चाक मधल्या चाकात किती खोल शिरेल ते ठरतं. फार खोल, तर घड्याळ जड होतं. फार वरवर, तर काटा थरथरतो, दाते घसरतात. मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, ह्याला २०१३ वाल्याने शिवलेलं नाही, देवाची कृपा. खरं तर बटन दाबल्यावर काटा सुरुवातीला किंचित उडी मारतो, ती त्याच सांध्यामुळे: दाता दात्यावर टेकला की थोडा पुढे सरकून खाचेत पडतो. बारीक उडी या रचनेत चालतेच. ती टाळायला १९६९ सालच्या सेको ६१३९ मध्ये चाकं शेजारून जोडण्याऐवजी वरखाली दाबून जोडायची पद्धत आणली. आमच्या ओळखीच्या दोन तारवट्यांच्या घरी ती घड्याळं आहेत, आणि त्यांचे काटे खरंच न दचकता निघतात.

शेवटी काटा. हे काम मला बघायला मिळालं. आधी मशीन शून्याच्या अवस्थेत आणायचं, म्हणजे हातोडी बदामावर दाबलेली. मगच काटा बरोबर साठच्या रेषेवर धरून खुंटीवर दाबायचा. २०१३ मध्ये कुणीतरी घाईत अंदाजाने दाबला होता, एवढंच. पण दर वेळी काढून बसवला की काट्याची नळी थोडी सैल होते, आणि शून्यावर येताना त्याला बसणारा झटका मोठा असतो, त्यामुळे ही चूक हवी तितक्या वेळा सुधारता येत नाही. मामांनी दाबण्याआधी विचारलं, "झीरोवरच लावू न्हवं?" मी त्यांना बत्तीसचं सगळं सांगितलं होतं म्हणून विचारलं असणार. मी म्हणाले, झीरोवर.

नंतर यंत्रावर २७०, क्रोनोग्राफ चालू करून २४५. मजुरी अठराशे. पप्पांनी न बोलता दिली. फी हप्त्यांनी भरायचं ठरलं, कॉलेजने ऐकलं. त्या व्यापाऱ्याचा एकदा फोन येऊन गेला, आता पाच म्हणत होता.

डायलच्या कडेला वेगाची पट्टी आहे, तिचा उपयोग मी परवा केला. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत काटा चालवायचा, काटा जिथे थांबेल तिथे तासाचा वेग लिहिलेला असतो. ३६०० ला सेकंदांनी भागलेलं असतं, बाकी काही नाही. बेळगावहून खानापूरकडे जाताना गाडीने एक किलोमीटर ४८ सेकंदांत काढला, म्हणजे ७५. पुढे लोंढा, कॅसलरॉक सोडून घाट उतरायला लागलो तेव्हा पट्टी निकामी. ती साठच्या खाली जात नाही, आणि दूधसागरच्या आसपास गाडी साठने कुठे पळते? पण मिनिटाचा काटा दर चढाला न अडखळता एकेक घर पुढे जात होता, मी तेच बघत बसले होते.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. खालचं बटन घट्ट आहे, त्याचं रबर पुण्याहून यायचंय. तोवर पावसात घालायचं नाही, असं मामांनी बजावलंय. आणि दिवसाला बारा सेकंद मागे पडतं. मामा म्हणाले, महिनाभर वापर, आकडे लिहून आण, मग बघू.